शिन्यीचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंदारलाही नाही — आणि मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी काय सांगत नाही? भाजी करपली तर सांगते, त्याच्या आईबद्दल मनात काही आलं तर तेही लगेच सांगते. हे तेवढं राहिलं. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं मी स्वतःला समजावत आले. एक शब्द होता, एक मुलगी होती, आणि मी होते.

आधीच सांगते, माझं उत्तम चाललंय. आता रडगाणं सुरू होणार, असं वाटून पान उलटू नका. मंदारचं ऑफिस इथे जपानात, तोयोसुला, आमचं घर तिथून सायकलच्या अंतरावर, कालव्याच्या काठाला. लेक इथल्या शाळेत जाते. मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते आणि मी रागावले की इंग्रजीत सॉरी म्हणते. पोळीचं पीठ मिळतं, कढीपत्ता मिळतो, चार मैत्रिणी आहेत. मी सुखात आहे. तेव्हाही होते. सुखातलं माणूस खोटं बोलत नाही, असं थोडंच आहे?

माझं इंग्रजी हा सासरी जुना विनोद. मी इस्लामपूरची, मराठी शाळेतली. जाऊबाई कॉन्व्हेंटच्या. मी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायला लागले की त्या चटकन विषय बदलायच्या — मला सांभाळून घ्यायला म्हणून, पण मला कळायचं ना. मग आम्ही जपानला आलो आणि काय गंमत झाली! इथे कुणी माझी शाळा विचारीना. भारतीय बाई म्हणजे इंग्रजी फाडफाड येणारच, असं शेजारच्या आजींपासून लेकीच्या बाईंपर्यंत सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. पण त्या लंगड्या गाईला किती बरं वाटतं, ते तिलाच ठाऊक.

लिन-सान मला आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत भेटल्या. इथे कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते ठरलेलं असतं; प्लास्टिकच्या दिवशी आम्ही दोघींनीही भलताच कचरा आणला होता आणि दोघीही तो हळूच परत घेऊन जात होतो. मैत्री व्हायला एवढं पुरलं. त्या चीनच्या. नवऱ्याची इथली बदली संपत आली होती. थोरली मुलगी शिन्यी अकरावीच्या वयाची, इथल्या शाळेत जाणारी. शेवटच्या वर्षाला ती गावी परत जाणार आणि तिथली शाळा संपतानाची मोठी परीक्षा देणार. गाओकाओ म्हणतात तिला. आपल्या बारावीच्या बोर्डाचा धसका आठवा, त्याला दसपट करा, म्हणजे साधारण अंदाज येईल. इंग्रजीच्या व्याकरणासकट बाकीचं सगळं गावाकडचे एक निवृत्त सर व्हिडिओवर शिकवायचे. इंग्रजीचं बोलणं आणि पत्रलेखन तेवढं मी घ्यावं, असं लिन-सान म्हणाल्या. त्या मला ‘सेन्सेइ’ म्हणाल्या — गुरुजी. मला! मी घरी येऊन लेकीच्या आरशासमोर उभी राहून तो शब्द एकदा स्वतःलाच म्हणून पाहिला.

शिन्यीचे कान — त्या कानांबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं कुणी माइकमध्ये पुटपुटलं, तर आमच्यात आधी तिला कळायचं. वॉर्ड ऑफिसात आईचं चिनी जपानीत आणि जपानी चिनीत करून देणारी तीच. आमच्याकडे येऊन-जाऊन माझं लेकीवर ओरडणं तिने असं टिपलं होतं की एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ही पोरगी माझ्या लेकीला विचारतेय, “हात धुतलेस का?” — अगदी माझ्या स्वरात, ‘का’वर माझाच तो हेल देऊन. आम्ही तिघी पोट धरून हसलो. तिला दुभाषी व्हायचं होतं. मोठमोठ्या बैठकांमध्ये काचेच्या खोलीत बसून एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्या भाषेत बोलतात ना, तसली. हे ती न लाजता, अगदी ठरवून सांगायची. मीही म्हणायचे, होशील गं.

त्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर सुरू होतो तो रेकॉर्ड केलेले उतारे ऐकण्यापासून, आणि शेवटी एक पत्र असतं. काल्पनिक विद्यार्थी काल्पनिक परदेशी मित्राला लिहितो — आमच्या शहरात ये, स्पर्धेत भाग घे, मदतीबद्दल आभार. त्यासाठी मुलं तयार वाक्यं घोकून ठेवतात. शिन्यी आमच्या बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालत ती म्हणायची. एक वाक्य होतं शाळा संपल्यावर काय करणार त्याचं. त्यात तिने ‘ग्रॅज्युएट’ वापरलं. अगदी बरोबर वापरलं. आणि मी — आता बघा — मी म्हटलं, हे पुस्तकी वाटतं. ‘पास आऊट’ म्हण. खरी माणसं असंच बोलतात.

आपल्याकडे सगळे पास आऊट झालेलेच असतात की नाही? लग्नाच्या बायोडेटापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत. मी तर लहानपणापासून दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. शिन्यी थबकली. “पास आऊट?” तिने विचारलं. मी म्हटलं, हो. तिने पुन्हा विचारलं. मी एकेक अक्षर सुटं करून, सावकाश, मोठ्याने पुन्हा सांगितलं. सेन्सेइ ना मी! तिने मान डोलावली आणि वाक्य पाठ करून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात ते वाक्य तिने त्या निवृत्त सरांपुढे म्हटलं. ते म्हणे आधी हसले, मग चिडले. शाळेतून बेशुद्ध पडून बाहेर येणार आहेस काय तू? कुणी शिकवलं हे?

लिन-सान शिन्यीला घेऊन माझ्या दारात आल्या. भांडायला नव्हे. हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा ओशाळलेला. जपानीत, अगदी अदबीने त्यांनी विचारलं — असं असं झालं, मुलगी म्हणते सेन्सेइंनी सांगितलं, तर नक्की कसं ते विचारावं म्हणून आलो.

मला तत्क्षणी कळलं. मला अर्थ ठाऊक नव्हता, असं म्हणायची सोय नाही. मंदार पहिल्या नोकरीत लागला तेव्हा त्याने साहेबांना ऐटीत सांगितलं होतं की मी पुण्याच्या कॉलेजातून पास आऊट झालो, आणि त्या परदेशी साहेबांनी काळजीने विचारलं होतं, आता बरं आहे ना? हा किस्सा त्याने मला लग्नानंतर लगेच सांगितला होता. मी खूप हसले होते. आणि तरी तोच शब्द माझ्या तोंडात जसाच्या तसा बसून होता! हसण्यावर नेण्यासारखीच गोष्ट होती ती. तो किस्सा सांगितला असता तर लिन-सानही हसल्या असत्या, आम्ही संत्री सोलून खाल्ली असती आणि विषय तिथे संपला असता. एवढं सोपं होतं. मग का नाही केलं?

कारण मला दिसल्या त्या जाऊबाई. इथेही आता लोक माझं इंग्रजी सुरू झालं की विषय बदलणार, असं मला वाटलं. आणि मी म्हणाले, “किकिमाचिगाइ देस ने.”

ऐकण्यात चूक झाली असेल, असा त्याचा अर्थ. हा शब्द मला इतका पटकन कसा सुचला? तर तो माझाच होता. लेकीच्या शाळेची सभा बुधवारी आणि मी गेले गुरुवारी. डॉक्टर म्हणाले जेवणानंतर, मी गोळी दिली जेवणाआधी. दर वेळी समोरचं माणूस हसून, मला सांभाळून घेत हेच म्हणायचं. इथे आल्यापासून हा शब्द माझ्या वाट्याला आला होता. तो मी उचलून शिन्यीला देऊन टाकला. वर हेही म्हणाले की मी तिला ‘ग्रॅज्युएट’च सांगितलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती आठवत होती — ते दुपारचं माझं वाक्य पुन्हा पुन्हा मनात लावून पाहत होती आणि ते जुळत नव्हतं. मग तिने मान खाली घातली आणि माझी माफी मागितली. माझी. लिन-साननीही मागितली. संत्री ठेवून दोघी गेल्या. गोड होती हो. आम्ही सगळी संपवली.

यापुढे काही झालं नसतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण लिन-सान विचारी बाई. मुलीला नीट ऐकू येत नाही किंवा ऐकताना तिचं लक्ष नसतं, आणि पेपर तर ऐकण्यापासूनच सुरू होतो — तर उपाय केला पाहिजे. रविवारी सकाळी शिन्यी बॅडमिंटनला जायची. ते बंद झालं. त्याऐवजी ऐकण्याचा सराव. कुणाकडे? माझ्याकडे. त्यांनी फार विश्वासाने विचारलं आणि मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार होते?

मग रविवारमागून रविवार मी त्या पोरीच्या कानांवर इलाज करत बसले, ज्या कानांना काही झालेलंच नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते बिघडले. म्हणजे कान नाही, कानांवरचा भरवसा. साधं वाक्य लावलं तरी म्हणायची, सेन्सेइ, पुन्हा एकदा. उत्तर बरोबर लिहायची, खोडायची, पुन्हा तेच लिहायची. परीक्षेत काही उतारे एकदाच वाजवतात. पुन्हा एकदा म्हणायची सोय नसते. मी चहा केला, “घेणार का?” म्हणून विचारलं तरी ती आधी माझ्या ओठांकडे बघायची. हे मी पाहत होते. मला वाईट वाटायचं, खूप वाटायचं. आणि वाईट वाटत असताना मी पुढचा उतारा लावायचे.

पण मला जे सांगायचंय, ते हेही नाही. मी अजून त्याच्याभोवतीच फिरतेय, कळलं असेल तुम्हाला.

गावी परत जायच्या आधी शिन्यी एकटीच निरोप घ्यायला आली. दुपार होती, लेक शाळेत, घरात आम्ही दोघीच. मी पोहे केले, तिला आवडायचे. खाऊन झाल्यावर तिने बशी बाजूला ठेवली आणि जपानीत विचारलं, “सेन्सेइ, त्या दिवशी मी खरंच चुकीचं ऐकलं होतं ना?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिची आई नव्हती तिथे, ते सर नव्हते, कुणी नव्हतं. ती दोन दिवसांत देश सोडून जाणार होती. माझ्या अब्रूला काडीचा धोका नव्हता. पहिलं खोटं घाबरून तोंडातून गेलं, असं एक वेळ म्हणता येईल. पण त्या दुपारी मी अजिबात घाबरलेली नव्हते. चहाचा घोट घेतला, विचार केला आणि हसून म्हणाले, हो गं, होतं असं कधी कधी, त्यात काय एवढं.

ती म्हणाली, बरं. आणि खरंच तिला बरं वाटल्यासारखं दिसलं — निदान आता एकदाचं कळलं, असं. जाताना दारात वाकून नमस्कार करून गेली.

तिचा निकाल चांगला लागला. लिन-सानचा व्हिडिओ कॉल आला, डोळ्यांत पाणी. ऐकण्याच्या भागात तर फारच छान मार्क होते. तुम्ही वेळेवर तिचं दुखणं ओळखलंत, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, तिचीच मेहनत. त्यांनी पाठवलेला चहा आम्ही अजून पितो. इमारतीतल्या आणखी दोन मुली त्यांच्या शब्दावर माझ्याकडे येतात; मुलांच्या ऐकण्यातले दोष मला चटकन समजतात, असं माझं नाव झालंय. मला या मुली आवडतात, शिकवणं आवडतं, आणि ‘ग्रॅज्युएट’ला ‘ग्रॅज्युएट’च म्हणायचं, हे मी आता चुकत नाही.

परवा लिन-सानचा पुन्हा फोन होता. शिन्यी पूल बांधण्याचं शिकतेय, मैत्रिणी आहेत, मजेत आहे. मी विचारलं, आणि दुभाषी? लिन-सान हसल्या. म्हणाल्या, तिनेच सोडलं ते. भाषा येतात, पण माझ्या कानांचा काय भरवसा, म्हणते. मोठ्या बैठकीत चुकीचं ऐकलं तर? समंजस आहे हो पोर माझी.

मी म्हणाले, हो, समंजस आहे.

फोन ठेवला आणि कुकर लावला. मंदार आला, लेक आली, आम्ही जेवलो, हसलो. माझी भूक मेली नाही, झोप उडाली नाही. तुमच्याकडून मला काही नको. फक्त जे दोनदा माझ्या तोंडाशी आलं आणि मी गिळलं, ते एकदा लिहून ठेवते.

शिन्यीने बरोबर ऐकलं होतं.