चंदा घरीच होती

नगरच्या दवाखान्यात मी चंदाला शेवटचं भेटले, तेव्हा नर्स तिच्या हातात शीर शोधत होती. डेंग्यूने चेहरा पार उतरला होता, ओठ सुकले होते, पण त्या नवख्या मुलीचा गोंधळ बघून चंदाच तिला धीर देत होती. "घाबरू नगंस बाई, टोच. या हाताला सवय हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शमे, बरी झाले की तुझ्या शाळेच्या मैदानावर येते. तुझ्या पोरी लई आळशी पळत्यात म्हनं." दोनच दिवसांनी सकाळी तिच्या भावाचा, भीमाचा फोन आला. "चंदा..." म्हणून तो रडायलाच लागला. मला कळलं.

दहाव्याला मी पाथर्डीजवळच्या तिच्या वस्तीवर गेले. पूर्वी जिल्ह्यात धावण्याच्या स्पर्धा भरवणारे एक गृहस्थ शेजारच्याला हळू आवाजात सांगत होते, "शेवटी त्या इंजेक्शनांनीच नेलं बघा. बंदी काय उगाच येते?" मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, चंद्रकला डेंग्यूने गेली, आणि तिच्या रक्ताच्या किंवा लघवीच्या एकाही नमुन्यात आजवर काही सापडलेलं नाही. ते गृहस्थ चपला शोधायला लागले. तिथे बसलेल्यांना तेवढं पुरलं असेल. बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे.

आम्ही दोघी नगरच्या क्रीडा वसतिगृहात एका खोलीत राहायचो. माझ्या अब्बांचं श्रीरामपूरला सायकलींचं दुकान, तिचे आईवडील दर हंगामाला कोपरगावकडे ऊसतोडीला जाणारे. ती पळायची ते दिसायला मुळीच देखणं नव्हतं. उजवा खांदा वर, मान एका बाजूला कललेली. सर ओरडले की म्हणायची, "खांदा कुटं पळतोय सर, पाय पळत्यात." माझा गुडघा गेला आणि मी खेळाची शिक्षिका झाले. ती दहा हजार मीटर पळत पळत भारताच्या संघापर्यंत पोचली.

संघात गेल्यावर, ज्यांची उत्तेजक औषधांसाठीची तपासणी कधीही, न सांगता होऊ शकते अशा खेळाडूंमध्ये तिचं नाव आलं. नियम असा, की उद्या कुठे असणार आणि कोणत्या एका तासात हमखास सापडणार, हे मोबाईलवरून आधी कळवायचं. त्या तासात तपासणीवाला आला आणि तुम्ही सापडला नाहीत तर चूक तुमची. वर्षभरात अशा तीन चुका झाल्या की बंदी. मग तुम्ही औषध घेतलेलं असो वा नसो. चंदाला हा नियम आवडला होता. "बरं हाय की. चोर सापडत्याल." आपल्याकडेही घाण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तपासणीची गाडी मैदानावर आली की कुणाच्या पोटात दुखतं आणि कोण मागच्या फाटकाने जातं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि संघाच्या बैठकीत उभं राहून बोलूनही दाखवलं होतं. त्यामुळे तिथे तिला मैत्रिणी कमीच होत्या.

परदेशातल्या एका शर्यतीहून ती परतली ती मात्र अस्वस्थ होऊन. तिथे एका खोलीत तिच्यासोबत दोघी होत्या. एक श्रीमंत देशातली. तिची रोजची माहिती भरायला पगारी माणूस होता. दुसरी अशा देशातली, जिथे घरी येऊन नमुना घेणारं कुणी नव्हतंच. "तिला इचारलं, तुझ्या घरी किती बारी आले? तर ती हसायलाच लागली, शमे. म्हनली, आमच्याकडं कोन येतंय? आन् शर्यतीला तिगीबी एकाच रेघंवर उभ्या." त्या दोघींनी काही घेतलं असं ती कधीही म्हणाली नाही. कुणी बघितलंच नाही तर कळणार कसं, एवढंच ती म्हणायची.

पुढच्याच हंगामात तिच्या नावावर पहिली चूक लागली. ती आईवडिलांना भेटायला उसाच्या फडावर गेली होती. जागा बदलल्याचं तिने मोबाईलवर भरलं, पण रेंज नसल्याने ते पोचलंच नाही. दुसऱ्या वेळी फडावर आईच्या पायावर कोयता बसला. रक्त थांबेना. चंदा तिला घेऊन तशीच दवाखान्यात धावली. त्या तासात मोबाईल हातात घ्यायचं तिला सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. तिसऱ्या वेळी तर ती घरीच होती. ठरलेल्या तासाला उंबऱ्यावर बसून होती. तपासणीवाला पाथर्डीपर्यंत आला, घर नंबर विचारत फिरला, डोंगराकडची वस्ती काही त्याला सापडली नाही. फोन लागला नाही आणि तो परत गेला. कागदावर मात्र आलं, खेळाडू जागेवर आढळली नाही.

सुनावणी मोबाईलवरच झाली, माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसून. इंग्रजी समजावायला मी शेजारी होते. पलीकडच्या तिघांपैकी एका बाईंनी विचारलं, घराला बेल आहे का? चंदा म्हणाली, "कडी हाय. वाजीवली आस्ती तर मी उठले आस्ते." मी ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, नियम सगळ्या जगाला सारखाच आहे. त्यावर ती खुर्चीतून उठूनच बोलली. "नियम सारखा हाय, मला मान्य हाय. पर तुमी जाता का सगळ्या जगात सारखं? जिच्या दारात तुमी पावूलच टाकत न्हाई, तिची कदी चूक व्हनार?" मी तेही शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं.

त्याआधी संघातल्या एका वजनदार माणसाने तिला समजावलं होतं, निष्काळजीपणा झाला म्हणून लिहून दे, शिक्षा निम्मी होईल. मीसुद्धा म्हटलं होतं, दे गं, पळण्याची वर्षं थोडी असतात. ती माझ्यावर भडकली. "दारात बसलेली बाई निष्काळजी कशी? मी न्हाई लिव्हनार." तिने लिहून दिलं नाही. बंदी पूर्ण दोन वर्षांची झाली.

त्या दोन वर्षांत तिला गावच्या यात्रेतल्या शर्यतीतही पळता येत नव्हतं. लोक तोंडावर विचारायचे, काय घेतलं होतंस? एका व्यायामशाळेचा मालक तर औषधाच्या बाटल्या घेऊनच आला. आता कोण तपासतंय, म्हणाला. तिने त्या बाटल्या अंगणातल्या दगडावर फोडल्या आणि त्याला काचा उचलायला लावल्या. बंदीतही तपासणी चालूच असते, आणि मोबाईलवर माहिती भरणं तिने एक दिवसही चुकवलं नाही. रेंजसाठी टेकडीवर चढायची, भरून झालं की तिथूनच पळायला सुरुवात.

बंदी संपल्यावर ती एकच मोठी शर्यत पळली. पाचवी आली. तपासणी पहिल्या तिघींचीच होती. ही घामाने निथळत त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "माजाबी घ्या." गरज नाही, असं सांगण्यात आलं. "गरज तुमाला न्हाई, मला हाय," म्हणत ती बसूनच राहिली. शेवटी शिपायाने दिवे मालवले, तेव्हा उठली. पुन्हा संघात काही तिला घेतलं नाही. वस्तीवर परत येऊन ती ऊसतोड्यांच्या मुलींना पळायला शिकवू लागली. हरल्यासारखी ती मला कधीच दिसली नाही... चिडलेली मात्र शेवटपर्यंत होती, आणि ते मला फार बरं वाटायचं.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळतो त्या फाट्यावर एक पत्र्याची पाटी आहे. बंदी लागली त्याच आठवड्यात चंदाने ती स्वतःच्या हाताने रंगवून रोवली होती. मराठीत आणि माझ्याकडून लिहून घेतलेल्या इंग्रजीत : 'नमुना घेणाऱ्यांनी इकडे वळावे. चंद्रकला घरी आहे.' खाली मोठा बाण. त्या पाटीला गाव हसायचं. त्यानंतर आलेली तपासणीची पहिली गाडी मात्र त्याच बाणावरून थेट अंगणात आली होती.

आता तिच्या हाताखालच्या सरिताचं नाव न सांगता तपासणी होणाऱ्या त्याच खेळाडूंमध्ये गेलं आहे. मी पोचले तेव्हा ती पोरगी रंगाचा डबा घेऊन पाटीपुढे उकिडवी बसली होती आणि भीमा पाटी धरून उभा होता. जागा कमी पडत होती.

"मामा, ताईचं नाव पुसू का?" सरिताने विचारलं.

भीमाने पाटी आणखी घट्ट धरली. "न्हाई," म्हणाला. "तुजं खाली बारीक लिव्ह. तिचं ऱ्हाऊ दे. येनाऱ्याला दिसू दे, ती घरीच हुती."