माहेरचं दुखणं

बायकोला टीबी निघाला त्या दिवशी माझा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. "तुझ्या वडलांना झाला होता ना?" असं मी विचारलं, तेही माझ्या आईसमोर. सासऱ्यांना फार वर्षांपूर्वी झाला होता, बराही झाला होता. पण मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं. "आमच्या घराण्यात कुणाला साधा दमासुद्धा नाही," मी वर ऐकवलं. चाकणला वेल्डिंग करणारा माणूस मी, कसल्या घराण्याची ऐट मारत होतो कोण जाणे.

तीन वर्षांच्या मुलीला माझ्या आईजवळ ठेवून बायकोला लातूरकडे माहेरी धाडलं. काळेवाडीतल्या शेजाऱ्यांना सांगितलं, तिच्या बहिणीचं बाळंतपण आहे. तिची औषधं तिकडच्या दवाखान्यातून मिळावीत म्हणून इथल्या दवाखान्यात कागद आणायला गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनाही म्हणालो, हे आनुवंशिक आहे.

त्या चिडल्या नाहीत. "अंगाची ठेवण आईबापांकडून येते, खरं आहे. काहींचं शरीर या जंतूपुढे लवकर नमतं. जंतूही कदाचित लहानपणी वडलांकडूनच आला असेल. पण इतकी वर्षं तो निपचित पडून होता. तुमच्याकडे आल्यावर का उठला? त्या जेवतात कधी? झोपतात कुठे?"

आमची सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं जेवते. पहाटे चारला उठून माझा डबा करते. माझी झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकघरात निजते, आणि तिथल्या एकुलत्या एका खिडकीला मीच प्लायवूड ठोकून देवघर बसवलंय. तिचे ब्लाऊज सैल झाले होते, ती ते आत घेत बसायची, तेही मी पाहिलं होतं. यातलं एक अक्षर मी बोललो नाही. "वेळेवर जेवते की," म्हणालो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी खोटंच बोललो.

औषध नीट चालू असलं की थोड्या आठवड्यांनी तिच्यापासून लागण होत नाही, घेऊन या, असं बाईंनी बजावलं. प्लायवूड मी त्याच दिवशी उखडलं. तिला आणायला मात्र दोन महिने गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

शेवटी आणली. दारात पाऊल टाकताच मुलगी "आई" करत धावली. बायको झटकन मागे सरली, पदर तोंडावर धरला. लागणीचा धोका टळलाय हे तिकडच्या दवाखान्यात तिलाही सांगितलं होतं. तरी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो, घेऊ का तिला?"