हडळीचे बूट

परळच्या जुन्या थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही जेमतेम नऊ जण होतो. त्या भुताच्या सिनेमाचा पहिला भाग बघून मी चांगलाच टरकलो होतो, म्हणून दुसऱ्याला हौसेने आलो. पण यात हडळ पळायला लागली आणि तिच्या लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले. मी खो-खो हसलो.

पुढच्या रांगेत एक साठीची बाई शेंगा सोलत बसली होती. मध्यंतरात ती मागे वळली.

"हडळ मीच. दोन्ही भागांत."

मी ओशाळलो. "सॉरी हां, मावशी. पण पहिल्या वेळी केवढा घाबरलो होतो मी!"

"तेव्हा मला खडीतून अनवाणी पळवलं. तू घाबरलास, मी महिनाभर लंगडले. या वेळी सांगितलं, बूट घालूनच पळेन, नायतर दुसरी हडळ बघा."

सिनेमा शेवटपर्यंत टुकारच निघाला. बाकीचे उठून गेले. डोअरकीपर दिवे लावून "चला, चला" करू लागला. ती हलली नाही.

"थांब रे. माझं नाव यायचंय."

नाव आलं, अगदी बारीक अक्षरांत. रिकाम्या थिएटरात तिने ते खणखणीत आवाजात वाचलं आणि मगच उठली.