स्कॅन पुढे सरकेना

वरदा बापट नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्नानंतर ती डॉक्टर नवऱ्याबरोबर, मिलिंदबरोबर, इंग्लंडमध्ये लेस्टरला आली आणि पुढची बरीच वर्षं मुलींचे डबे, शाळेची ने-आण आणि मिलिंदच्या ड्यूट्या यांतच निघून गेली. धाकटी सेकंडरी स्कूलला जायला लागली, तेव्हा वरदाने संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चाळिशी उलटल्यावर शहराबाहेरच्या एका छोट्या रुग्णालयात आयटी सपोर्टची नोकरी धरली. कुणी पासवर्ड विसरलेलं असायचं, कुणाचा प्रिंटर रुसलेला असायचा. फोनवर तिचं बोलणं लोकांना दोनदा ऐकावं लागायचं, त्यामुळे ती जपून, सावकाश बोलायची. कामही तसंच करायची. शिकवलेल्या क्रमाने एकेक चाचणी घ्यायची आणि क्रम सोडायची नाही. क्रमाने गेलं की कुणाला बोट दाखवता येत नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

२००५ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार. सकाळपासून पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. दुपारी एक्स-रे विभागातून फोन आला. स्कॅन पाठवायचं मशीन अडलंय, ताबडतोब या, एवढंच बोलून जॅनेटने फोन ठेवला. जॅनेट तिथली जुनी रेडिओग्राफर, स्कॅन काढणारी. एरवी ती हवापाण्याची चौकशी केल्याशिवाय मुद्द्यावर यायची नाही. वरदा जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली गेली.

खोलीत डॉक्टर सबनीस उभे होते. गिरीश सबनीस मूळचे दादरचे, या रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर. इतरांसमोर ते वरदाशी इंग्रजीतच बोलायचे, पण आज जॅनेटसमोर थेट मराठीत सुरू झाले.

"एक म्हातारे गृहस्थ शिडीवरून पडलेत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. डोक्यात रक्तस्राव झालाय. मेंदूचे सर्जन आपल्याकडे नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. ते आहेत त्या मोठ्या हॉस्पिटलात चित्रं गेली पाहिजेत. ती बघितल्याशिवाय ते पेशंटला घेणार नाहीत."

स्क्रीनवर एक हिरवी पट्टी दिसत होती. डाव्या कडेला तिचा जेमतेम नखाएवढा भाग भरलेला. तेवढाच तो राहिला होता.

वरदा खुर्चीत बसली. आधी तिने पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे पलीकडच्या मशीनला एक छोटीशी हाक मारायची आणि उत्तर येतंय का बघायचं. उत्तर आलं, लगेच आलं. मग नेटवर्क कार्डाची त्याच्या बरोबर आलेली चाचणी चालवली. कॉम्प्युटर ज्या कार्डातून बाहेरच्या जगाशी बोलतो, ते कार्ड स्वतःलाच तपासून बघतं. एकेक ओळ खाली उमटत गेली आणि प्रत्येक ओळीपुढे तोच शब्द आला: पास.

"आपल्या बाजूने सगळं ठीक आहे," वरदा म्हणाली. "अडचण त्यांच्याकडे असणार."

सबनीसांनी मान हलवली आणि तिकडच्या आयटीचा नंबर दिला. तिथल्या माणसाने तिला बराच वेळ धरून ठेवलं, मग येऊन सांगितलं की आमच्याकडे काही बिघाड नाही, सकाळपासून इतर तीन ठिकाणचे स्कॅन आले आहेत. वरदाने त्याला पुन्हा बघायला सांगितलं. तो पुन्हा गेला. तेवढ्यात दारात नर्स आली आणि सबनीसांशी हळू आवाजात बोलली. पेशंट आता हाक मारल्यावर डोळे उघडत नव्हता. चिमटा काढला तरच उघडत होता.

नर्सने दार उघडलं तेव्हा वरदाला बाहेरच्या बाकावर बसलेली एक बाई दिसली. ओल्या कोटातच बसली होती, मांडीवर पुरुषाची टोपी. पेशंटची मुलगी असावी. तिने आत बघितलं, वरदाकडेच बघितलं, आणि दार बंद झालं.

तिकडचा माणूस फोनवर परत आला. त्यांची बाजू स्वच्छ होती.

इतका वेळ आपण चुकीच्या दारावर धक्के मारत होतो, हे तिला आता कळलं. तिने फोन ठेवला आणि सबनीसांना सांगितलं, "मी चुकले. गडबड इथलीच आहे. कुठे आहे ते अजून कळत नाही."

सबनीसांनी लगेच दुसरी वाट धरली. त्यांनी जॅनेटला त्याच मशीनवर स्कॅनची सीडी लिहायला सांगितली आणि रुग्णालयाच्या ड्रायव्हरला बोलावणं पाठवलं. मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या आहेत, असं रेडिओवर सांगत होते. सीडी पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज कुणीच केला नाही.

ड्राइव्ह घरघरू लागला. वरदा तशीच बसून राहिली. क्रमातल्या चाचण्या संपल्या होत्या. पुढची पायरी मशीन बंद करून कार्ड बदलायची, असं ती म्हणाली.

"बंद करू नका," सबनीस म्हणाले. "सीडी अर्ध्यावर आहे. ती वाया गेली तर हातात काहीच राहणार नाही."

"नाही करत."

तिने विचार केला. छोट्या हाकेला उत्तर येतंय. पण स्कॅन काही छोटी हाक नाही, शेकडो चित्रांचा लोंढा आहे. वर्गात ती पोरांना सांगायची, तारेतून थोडा प्रवाह सोडून तार चांगली म्हणू नका, भार टाकून बघा. इथे आपण भार टाकलाच नव्हता. तिने पुन्हा पिंग केलं, या वेळी शक्य तेवढं मोठं आणि एकामागून एक. पहिलं उत्तर आलं. दुसरं आलं नाही. तिसरंही नाही. चौथं आलं.

"बघा," ती सबनीसांना म्हणाली. "मोठं काही पाठवलं की वाटेत हरवतंय."

"का हरवतंय?"

"केबल असू शकेल. कार्ड असू शकेल."

केबल बदलायला मशीन बंद करावं लागत नव्हतं. तिने टेबलाखाली शिरून नवी केबल लावली. हाकांची तीच गत. पुन्हा खुर्चीत बसून तिने कार्डाच्या नोंदी उघडल्या, तेव्हा एक आकडा डोळ्यांसमोर वाढत होता: टकरींचा आकडा. कार्ड बोलायला तोंड उघडतं आणि त्याच वेळी समोरूनही कुणीतरी बोलू लागतं, तशा टकरी. तिने वर नेटवर्कच्या टीममधल्या राजीवला फोन लावला. राजीव हैदराबादचा, तिच्याहून बराच लहान, तिला मॅडम म्हणायचा.

"राजीव, एक्स-रेच्या कपाटातल्या स्विचला कुणी हात लावलाय का?" सगळ्या मशीनच्या केबल्स ज्या डब्यात येऊन मिळतात तो स्विच, आणि केबल लावायची त्याची एकेक खाच म्हणजे पोर्ट.

"शनिवारी नवीन बसवला, मॅडम. जुना गरम होत होता."

"त्याचं सेटिंग?"

"सगळे पोर्ट फुल ड्युप्लेक्सला फिक्स केलेत. का?"

फुल ड्युप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायची मुभा. पण हे कार्ड आपोआपवर होतं, म्हणजे समोरच्याशी बोलून रीत ठरवायची. समोरचा काही सांगत नाही म्हटल्यावर त्याने आपली जुनी रीत धरली होती, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने थांबायचं. स्विच थांबत नव्हता. कार्डात दोष नव्हता, केबलमध्ये नव्हता, म्हणून कार्डाने स्वतःची तपासणी केली तेव्हा ते पासच होणार होतं. दोष दोघांच्या समजुतीत होता.

"कार्डाचं एक सेटिंग बदलायचंय," वरदा सबनीसांना म्हणाली. "बदलताना नेटवर्क क्षणभर तुटेल. बहुतेक वेळा एवढंच होतं. पण कधी कधी मशीन गोठतं."

"खात्री किती आहे?"

"कारणाची आहे. मशीन गोठणार नाही याची नाही. सीडी होऊ द्या आधी."

हे तिने स्वतःच सांगितलं आणि मग थांबणं आलं. त्या दुपारी सर्वांत जड गेली ती हीच वेळ. काय करायचं ते कळलं होतं, बोट माउसवर होतं, आणि करता येत नव्हतं. पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी मॉनिटर टिकटिकत होता. सबनीस भिंतीला टेकून उभे होते, मध्येच म्हणाले, "माझे वडील असेच पडले होते. बाथरूममध्ये." मग पुन्हा सीडीच्या ट्रेकडे बघू लागले.

ट्रे बाहेर आला. जॅनेटने सीडी दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली, पाकिटात घातली आणि ड्रायव्हर ती घेऊन गेला.

वरदाने कार्डही फुल ड्युप्लेक्सला फिक्स करून ओके दाबलं. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर लाल फुली आली. स्क्रीन हलेना. माउसचा बाणही हलेना. जॅनेटने तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग बाण थरथरला, फुली गेली, आणि वरदाने आधी मोठी हाक मारून पाहिली. उत्तर आलं. पुन्हा आलं. एकही गळेना.

"पाठवा," ती म्हणाली.

हिरवी पट्टी सरकली. आधी हळू, मग सपासप. ती उजव्या कडेला टेकली तेव्हा सबनीस फोनवरच होते, तिकडच्या सर्जनला विचारत होते, दिसतंय का. थोडा वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "येस. येस. वी'ल सेंड हिम नाउ," आणि खोलीबाहेर पळाले.

अँब्युलन्स गेल्यावरही वरदा बराच वेळ तिथेच होती. त्या कपाटाला जोडलेलं एकेक मशीन ती पाहत गेली. आणखी दोन तशीच निघाली, त्यातलं एक इमर्जन्सीचं. राजीव स्वतः खाली आला, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी शनिवारी एकेक मशीन बघायला हवं होतं." वरदा म्हणाली, "आणि मी आधी भार टाकून बघायला हवा होता. चल, तिसरा मजला राहिलाय."

सीडीची गाडी पेशंटच्या अँब्युलन्सनंतर पोचली, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. सोमवारी रात्री जेवताना तिने मिलिंदला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "शस्त्रक्रिया झाली?" तिला माहीत नव्हतं. विचारायला कुठे जायचं, आपल्याला विचारायचा हक्क आहे का, हेही माहीत नव्हतं.

मार्चमध्ये सबनीस कँटीनमध्ये ट्रे घेऊन तिच्यासमोर येऊन बसले.

"ते गृहस्थ घरी गेले," ते म्हणाले. "उजवा हात थोडा कमजोर आहे. शब्द उलटसुलट होतात, मुलीला बायकोच्या नावाने हाक मारतात. पण चालतात."

वरदाने चमचा खाली ठेवला. इतके दिवस मनात घोळत होतं ते तिने विचारलं. "मी पहिल्यांदाच इकडे बघितलं असतं, तर हात वाचला असता?"

सबनीसांनी तिला समजावण्याची घाई केली नाही. "कदाचित," ते म्हणाले. "कदाचित नाहीही. खरं सांगायचं तर मला माहीत नाही, बापट बाई. सर्जनलाही सांगता येणार नाही."

तिने मान हलवली. खोटं बोलून दिलासा दिला असता तर तिला तो पटला नसता, आणि ते त्यांना ठाऊक असावं. दोघंही जेवू लागले. सूप केव्हाच गार झालं होतं. जेवण झाल्यावर ती उठली आणि आयटीतल्या नव्या माणसांना चाचण्या शिकवायच्या होत्या तिथे गेली. छोटी हाक झाली की थांबायचं नाही, पुढे मोठी मारायची, हे तिने त्यांना दोनदा सांगितलं, सावकाश, सगळ्यांना नीट कळेल असं.