मुकी केलेली दुवा

बिश्केकमधल्या एका वसतिगृहाच्या दारात टेबल टाकून मी बावीस वर्षं बसले आहे. किल्ल्या माझ्याकडे, चादरी माझ्याकडे, कोण कधी येतं-जातं त्याचा पत्ता माझ्याकडे. नाना तऱ्हेची पोरं पाहिली, सगळी मला एजे, म्हणजे ताई, म्हणतात. पण उलारबेकसारखा दीडशहाणा पाहिला नाही, आणि पुन्हा बघायची हौसही नाही.

पोरगा आमच्याच कोच्कोर गावचा. डिजिटल माध्यमं आणि कायदा असा पाच वर्षांचा जोडअभ्यास करत होता. सकाळी व्हिडिओ कापायला-जोडायला शिकायचं, दुपारी कलमं पाठ करायची. बाकीची पोरं दोन्हीकडे घाम गाळत होती. याने दोन्हींतून एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे रुबाब. नळाचं गरम पाणी गेलं तरी हा मोबाइल समोर धरूनच तक्रार करायला यायचा.

"बुरुल-एजे, तुमचं बोलणं रेकॉर्ड होतंय बरं का. कायद्याने तुमची जबाबदारी..."

"कायद्याने आधी जिन्यातले तुझे मोजे उचल," मी म्हणायचे. "नाक धरून चढावं लागतं लोकांना!"

कुणी त्याची किटली वापरली की हा नोटीस लिहायचा. दोघं भांडले की मधे न पडता शूटिंग करायचा आणि जो कॅमेऱ्यात बरा दिसेल त्याची बाजू घ्यायचा. मी वकीलही आणि पत्रकारही, असं सांगत फिरायचा. प्रत्यक्षात माध्यमवाले मास्तर म्हणत, हा कायद्याचा असेल. कायद्याचे म्हणत, हा माध्यमांचा.

त्याला वाढवलं त्याच्या मावशीने, तिलाच तो अपा, म्हणजे आई, म्हणतो. आईबाप कामासाठी रशियात गेले ते तिकडेच राहिले. ही मावशी म्हणजे ताजीकान, माझी शाळेपासूनची मैत्रीण. लोकरीचे नक्षीदार गालिचे, आमचे शिर्दाक, ती आणि गावातल्या अकरा बायका मिळून करतात. शिंगांची जुनी नक्षी तर सगळेच काढतात. पण शिंगात गुंतलेलं तितराचं पाऊल ताजीकानने स्वतः जुळवलं होतं. एका हिवाळ्यात शंभर वेळा कापून फेकलं, तेव्हा कुठे ते बसलं. त्या पावलावर बारा घरांच्या चुली पेटत होत्या. इंटरनेटवर बायकांचं एक पान होतं, तिथे फोटो बघून लांबलांबचे लोक गालिचे मागवायचे.

चौथ्या वर्षाच्या सुट्टीत उलारबेक गावी गेला. अभ्यासासाठी म्हणून मावशीच्या कामाचं शूटिंग केलं. लोकर पिंजण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं. निघताना, रीतीप्रमाणे, तिच्यापुढे गुडघे टेकून तळहात उघडले.

"अपा, दुवा द्या. शिक्षण पार पडू दे."

थोरल्यांकडे दुवा मागितली की कुणी नाही म्हणत नाही. ताजीकानने तळहात उघडले, चार शब्द बोलली, दोघांनी हात चेहऱ्यावरून फिरवले, ओमीन झालं. मोबाइल समोर उभाच होता.

पुढच्या वसंतात ताजीकानचा फोन आला. रडत नव्हती. ती रडत नाही.

"अगं बुरुल, आमचं पान गेलं. म्हणे आम्ही चोरीची नक्षी विकतोय."

"कोण मेला असं म्हणतो?"

"काय माहीत. आलेला कागद परक्या भाषेत आहे. परीक्षेच्या वेळी येतेय, तेव्हा वाचून दाखव."

शेवटच्या परीक्षेत आपला प्रकल्प सगळ्यांसमोर मांडावा लागतो. घरचे लोक पिठाचे बोर्सोक तळून घेऊन येतात, ऐकतात, टाळ्या वाजवतात. उलारबेकने मावशीला मुद्दाम बोलावलं होतं, आणि तेही पांढरा एलेचेक डोक्याला गुंडाळून, पहिल्या रांगेत बसायला. व्हिडिओत छान दिसतं ना!

आदल्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी बसून तिने तो कागद काढला. मी चष्मा लावला. शहरातल्या एका सजावटीच्या दुकानाने तक्रार केली होती. नक्षीचे हक्क त्यांनी रीतसर घेतले होते, आणि देणाऱ्याच्या जागी नाव होतं उलारबेकचं. खाली लिहिलं होतं, मूळ कारागिरणीची संमती व्हिडिओत नोंदवलेली आहे.

मी दोनदा वाचलं. माझे कान तापले.

"थांब, वरती जाते आणि कानशिलात लावून येते!"

"बस खाली," ताजीकान म्हणाली. "मी कसली संमती दिली ते मला बघायचंय."

त्या दिवशी उलारबेक खाली आला, मावशीच्या पिशवीतले बोर्सोक उभ्या उभ्या खाल्ले, आणि म्हणाला, "अपा, उद्या एलेचेक जरा सरळ बांधा हं." ती हो म्हणाली. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. प्रकल्पाचं नाव होतं, लोककलेचा डिजिटल प्रसार आणि कायदेशीर संरक्षण. संरक्षण म्हणे! चोराने कुलूप विकायला बसावं तसा उभा होता, नव्या सुटात. पडद्यावर ताजीकानचे हात, लोकर, तितराचं पाऊल. मागे बासरी. मग शेवटी ती तळहात उघडते, ओठ हलतात, पण आवाज नाही, नुसती बासरी. पडद्यावर अक्षरं उमटली: कारागिरणीची मौखिक संमती.

"आमच्या समाजात," उलारबेक गळा साफ करून म्हणाला, "लेखी कराराची प्रथा नाही. थोरल्यांची दुवा हाच करार. त्याच आधारे मी हक्कधारक म्हणून..."

लाज नावाची गोष्ट या पोराला कुणी दाखवलीच नसावी.

ताजीकान उभी राहिली. परीक्षकांच्या मधोमध बसल्या होत्या कायद्याच्या चिनारा ओस्मोनोव्हना, वयस्कर, रागीट बाई.

"बाई, मी अडाणी आहे," ताजीकान म्हणाली. "पण त्यात मी काय बोलले ते ऐकू येत नाही. मला ऐकायचंय."

"अपा, तांत्रिक कारणाने..." उलारबेक पुढे सरसावला.

"मूळ व्हिडिओ कुठे आहे?" चिनारा ओस्मोनोव्हनांनी विचारलं.

"मॅडम, ही संपादित आवृत्ती जास्त..."

"दुसऱ्या वर्षाला काय शिकवलं होतं मी? पुरावा म्हणून काय चालतं?"

मागून एक मुलगी बोलली, "मूळ, न कापलेलं."

"मोबाइलमध्ये आहे ना? लाव."

हा मूर्ख तो पुसायचाही विसरला होता! माध्यमं शिकला तेव्हा आवाज काढायला शिकला, कायदा शिकला तेव्हा हक्क लिहायला शिकला. दोन्ही एकत्र आले की काय होतं ते शिकायचं राहून गेलं. त्याने मोबाइल जोडला. सभागृहात ताजीकानचा आवाज आला, मागे गावातला कुत्रा भुंकत होता.

"वाट मोकळी राहू दे. शिकलेलं लोकांच्या कामी येऊ दे. दुसऱ्याच्या वाट्याचा घास तुझ्या तोंडात न जावो, माझ्या लेकरा. ओमीन."

कुणी टाळी वाजवली नाही. चिनारा ओस्मोनोव्हनांनी समोरची फाइल मिटली.

"यात नक्षी कुठे आहे? हक्क कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत दुकानाला लिहून दे, की जे तुझं नव्हतं ते तू दिलंस. प्रत माझ्याकडे. पदवीचं नंतर बघू."

त्याने लिहिलं. माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनने, आणि तीनदा चुकला. आठवड्याभरात बायकांचं पान परत आलं. पदवी मात्र वर्षभर लांबली.

पण त्या संध्याकाळी ताजीकानची गाडी सुटायच्या आधी हा निर्लज्ज पुन्हा आला. डोळे लाल, सुटाची बाही चुरगळलेली. तिच्यापुढे गुडघे टेकले, तळहात उघडले.

"अपा, चुकलो. दुवा द्या. पुन्हा परीक्षा द्यायचीय."

आमच्यात एक उलटी दुवाही असते. तळहात बाहेरच्या बाजूला वळवून देतात, ती लागली की माणूस उठत नाही म्हणतात. मी ताजीकानचा हात दाबला. दे, मी मनात म्हटलं, आज दे त्याला उलटी!

ताजीकानने रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली आणि दाराकडे निघाली. दोन्ही हात तसेच खाली.

"उलटी तरी द्यायचीस," मी बाहेर आल्यावर म्हणाले.

"उलटी द्यायलाही हात उचलावे लागतात, बुरुल," ती म्हणाली.