दादाचा बेसरा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रोह्यात माझं मेडिकल आहे. कुणी "पोराला नजर लागली गो" म्हणत आलं, तर मी आधी ओआरएसचं पाकीट हातात ठेवते... नजरेचं मग बघू. तेव्हा हे वाचून "बाईला झोपेची गरज आहे" असं कुणाला वाटलं तरी माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट माझ्या मोठ्या भावाची. दादा धाटावला कंपनीत शिफ्टा करून रिटायर झाला आणि पक्ष्यांच्या मागे लागला. गागोदे बुद्रुकच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथल्या देवराईत त्याला बेसरा दिसला. बेसरा म्हणजे दाट झाडीत राहणारा छोटा शिकारी पक्षी, साधारण कबुतराएवढा. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा शिक्रा अगदी त्याच्यासारखाच, त्यामुळे भलेभले फसतात. बेसऱ्याच्या गळ्यावर मधोमध एक जाड काळी उभी रेघ असते. शिक्र्याची रेघ बारीक, असून नसल्यासारखी. दादाने ती जाड रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, पण फोटो नव्हता.

पक्ष्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने हौसेने लिहिलं. तिथल्या एका जाणकार सरांचं उत्तर आलं — "काका, शिक्राच असणार. या वयात होतं असं." खाली दहाबारा जणांचे हसरे चेहरे! माझं तर डोकंच फिरलं. दादाने मात्र त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

आणि मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी रिक्षात दादा मला म्हणाला, "सुमे, मी आंधळा व्हायच्या आधीच त्यांनी मला आंधळा ठरवला गो."

बस्स. त्याला दिसतंय तोवर बेसऱ्याचा फोटो त्याच्यासमोर ठेवायचा, हे मी तिथेच ठरवलं. त्याचाच कॅमेरा घेतला. गच्चीवर कावळे-पारवे टिपून हात बसवला. शेजारणी हसल्या, हसू दे. दर सुट्टीला स्कूटर काढून गावाला जायला लागले. कितीदा रिकाम्या हाताने परत आले, मोजलं नाही.

पौषातली सकाळ होती. राईला लागून आमचे चुलतकाका राहतात, नामाकाका. ते राईच्या तोंडापर्यंत सोबत आले. मी चपला बाहेर काढल्या. काकांनी नेहमीचा दम दिला, "मोठ्यानं हाक नाय मारायची. शीळ तर नायच नाय. देवाला खपत नाय."

आता पंचाईत बघा. पाठ करून बसलेला पक्षी वळावा म्हणून फोटोवाले हळूच शीळ घालतात. मला ते बंद! देव मानत नसले तरी गावचा नियम तो नियम. आमच्याकडे कुणी मोडत नाही.

आणि नेमका तो आला. किंजळाच्या फांदीवर बसला, पायात सरडा, आणि पूर्ण पाठ माझ्याकडे. शेपटीवरचे पट्टे चांगले रुंद दिसत होते, पण तेवढ्यावर सर थोडेच ऐकणार? गळा हवा होता. तो आपला सरडा फाडून खातोय, मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी. मनात म्हटलं, दादा, वळत नाय रे हा...

झटकन त्याने मान वर केली. सबंध वळला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, रोह्याच्या दिशेला टक लावून बघायला लागला. जणू कुणी हाक मारली असावी. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी बटण दाबून धरलं... आणि तो उडाला.

बाहेर येऊन काकांना विचारलं, "काका, तुम्ही शीळ घातलीत?"

"खुळी काय गो? राईत शीळ घालीन मी?"

तिथे फोनला रेंज नाही. कुणाला कळवलं नाही, थेट रोहा गाठलं. दादा ओट्यावर बसला होता. माझं हेल्मेट अजून डोक्यावरच, तर हा म्हणतो, "वळला ना?"

"कोण?"

"बेसरा गो. पाठ करून बसलेला. सरडा खात होता मेला."

मी पायरीवरच बसले. वहिनी आतून बाहेर आली. "सुमन, तूच विचार ह्यांना. कोपऱ्यावर कंपनीची जनरल शिफ्टची बस हॉर्न देत होती, तेवढ्यात ह्यांनी एवढी मोठी शीळ घातली की माझ्या हातातली गाळणी पडली. वर म्हणतात, वळ रे बाबा, गळा दाखव!"

कॅमेऱ्यातली वेळ बघितली. बसचीच वेळ.

"दादा, राईत शीळ घालत नाहीत," माझ्या तोंडून निघालं ते हे!

"मी कुठे राईत होतो? मी माझ्या ओट्यावर होतो."

फोटो मोठ्या टीव्हीवर लावला. दादा पडद्याला नाक लावून उभा राहिला. गळ्यावरची जाड काळी रेघ बघून नुसता हसत होता. दादाच्या फोनवरून, माझं नाव घालून ग्रुपवर टाकला, तर संध्याकाळपर्यंत शांतता. मग सरांचं आलं — "बेसराच. अभिनंदन ताई!" मी लिहिलं, "फोटो माझा. पक्षी दादाचा. त्याने आधीच सांगितलं होतं." हे लिहिताना माझी छाती किती फुगली होती म्हणून सांगू! सरांनी फोन करून माफी मागितली, हे मात्र त्यांचं मानायला हवं. दादा म्हणाला, "असू दे हो. शिक्रापण काय वाईट पक्षी नाय."

आता त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. आल्यागेल्याला दादा तिथे नेतो. मागच्या आठवड्यात रंगकामासाठी वहिनीने फ्रेम समोरच्या भिंतीवर हलवली आणि त्याला सांगायचं विसरली. पाहुणे आले. दादा उठला, सरळ त्या नव्या भिंतीशी गेला आणि नेमकं गळ्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

योगायोग, अंदाज, सवय... सगळं लावून बघितलं. पाहुणे गेल्यावर त्यालाच विचारलं, "दादा, कसं कळलं तुला?"

"अगो," तो म्हणाला, "तो माझ्याकडंच बघतोय ना."