टोमण्यांचा साठा

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कडकबाई म्हणते. हे नाव त्यांना साठीनंतर मिळालं. त्याआधी त्या इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरी मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. स्वभावाने इतक्या मऊ, की भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तर "चुकून गेला असेल हो" म्हणून तो तसाच घरी आणायच्या. अशा बाईला हे नाव पडलं ते मुलाच्या मोबाईलमुळे.

मुलगा छापखान्यात होता. छापखाना बंद पडला, मालकाने यंत्रं विकली आणि मुलगा घरी बसला. सून औषधाच्या दुकानात अर्धा दिवस काउंटर सांभाळायची. तिच्या पगारात आणि आईच्या निवृत्तिवेतनात घरभाडं भागलं की बाकीच्या महिन्यासाठी जुळवाजुळव सुरू व्हायची. अशातच एका दुपारी सून केर काढत होती आणि कडकबाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. गमतीने त्यांनी आपल्या वारलेल्या सासूचा आवाज काढला, "छान झाडलंस हो. कचऱ्याला कुठे लागलं नाही ना?"

सून हसत हसत खालीच बसली. मुलगा मोबाईल हातात घेऊन बसला होता. तो म्हणाला, "आई, परत म्हण." मोबाईलवर टिपलेला तो तुकडा त्याने इंटरनेटवर टाकला आणि दोन-चार दिवसांत इतक्या लोकांनी पाहिला की घरातल्या कुणाचा विश्वास बसेना.

तेव्हापासून 'कडकबाई' या नावाने हा धंदा सुरू झाला. लोक व्हिडिओ बघतात, मध्ये जाहिराती येतात आणि त्या जाहिरातींच्या पैशातला वाटा महिन्याला बँकेत जमा होतो. अट एकच, व्हिडिओ स्वतःचा असला पाहिजे. सुरुवातीला मुलाने ती फारशी मनावर घेतली नाही. एकदा त्याने दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओतला संवाद उचलून आईच्या तोंडी घातला. तक्रार झाली, कंपनीची नोटीस आली आणि काही महिने पैसे थांबले. वाणीही तोंड फिरवायला लागला. त्यानंतर मुलाने कानाला खडा लावला. जे काही बोलायचं ते घरचंच, आईच्याच डोक्यातून आलेलं.

आणि आईच्या डोक्यात टोमण्यांचा साठा भरपूर होता. लग्न झाल्या दिवसापासून सासूने डोळे मिटेपर्यंत त्यांनी दुसरं फारसं काही ऐकलंच नव्हतं. सासू ओरडायची नाही. गोड आवाजात, चहाचा कप हातात धरून बोलायची. "तुमच्याकडे घड्याळ नव्हतं, की होतं आणि बघायला कुणी शिकवलं नव्हतं?" "बस हो, दमली असशील. सकाळपासून श्वास घेतेयस." हे सगळं कडकबाईंनी मुकाट्याने ऐकलं होतं आणि मुकाट्याने आत ठेवून दिलं होतं. चाळीस वर्षांनी त्याचं भाडं निघालं.

सून दुकानातून आली, जेवली, की चित्रण सुरू व्हायचं. खिडकीजवळ डब्यांची उतरंड रचायची, तिच्यावर मोबाईल टेकवायचा. पंखा बंद करायचा, कारण त्याचा आवाज येतो. मग दोघी घामाने निथळत भांडायच्या. सुनेला हसू आवरायचं नाही.

"सूनबाई, पुन्हा," नवरा तिला चिडवायचा. "तुम्ही रडायचं आहे."

"आईंचा चेहरा बघून रडू कसं येणार? त्या बोलून झाल्या की हळूच माझा हात दाबतात."

"मग दाबू नको ना आई."

"अरे, लागतं रे तिला," कडकबाई म्हणायच्या. "मला लागायचं."

असं पाचव्या-सहाव्या खेपेला एकदाचं जमायचं. तोवर टोमणा उच्चारून उच्चारून त्यांचं तोंड कडू झालेलं असायचं. नंतर त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सुनेला वाटायचं, वयामुळे दमतात. पण मला एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, नाटकाचा शीण नाही येत. एकेक आठवून काढावं लागतं ना, त्याचा येतो. ते सगळं पुरलं होतं मी."

गल्लीत मात्र त्यांचा दरारा वाढला. भाजीवाला टोमॅटो निवडून द्यायला लागला. पोरं त्यांना बघून गल्लीतला बॉल उचलायची. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने सुनेला औषधाच्या दुकानात गाठून हळूच सांगितलं, "वेगळी राहा गं. अशा सासूपाशी तुझं कसं व्हायचं?" सून म्हणाली, "अहो, सकाळी माझा डबा त्याच भरून देतात." बाईंनी मान हलवली. "घाबरून बोलतेस, कळतं मला."

साठा कितीही मोठा असला तरी नुसता उपसत राहिलं तर तळ दिसतोच. दर आठवड्याला नवीन लागायचं. एक आठवडा चुकला की बघणारे घटतात, असं मुलगा म्हणायचा. हळूहळू कडकबाईंची मुरलेली, हसू येणारी वाक्यं संपली. खाली राहिली ती नुसती बोचणारी. ती त्यांना काढायची नव्हती.

"काहीतरी आठव ना आई. भाड्याची तारीख आलीय."

"आठवत नाही असं नाही रे."

"मग?"

त्यांनी सांगितलं. थोरल्या मुलीच्या वेळी पोटुशी असताना त्यांनी एकदा ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घेतला होता. सासू हसत सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माहेरून दुसरं काही नाही, भूक तेवढी पोटभर घेऊन आलीस." त्यानंतर सासू जिवंत असेपर्यंत त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

सून म्हणाली, "हे नको." पण भाड्याची तारीख खरंच आली होती. त्या दिवशी चित्रण एका खेपेत झालं, कारण सुनेला हसू आलंच नाही. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, त्यावर लिहिलं, "काय बोलल्या कडकबाई!"

दुसऱ्या गावात दिलेल्या लेकीचा फोन आला तो त्यानंतर. हीच ती थोरली मुलगी. तिला आता दिवस गेले होते. एरवी ती फोनवर खूप बोलायची. आज विचारलेल्याचं तेवढं उत्तर देत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. आई, ते भुकेचं वाक्य तुझंच ना?"

"माझ्या सासूचं. का?"

"आमच्याकडे सगळे बघतात तुझं चॅनल. सासूबाईंना फार आवडतं. तुझी वाक्यं पाठ आहेत त्यांना. काल मी भाजी दुसऱ्यांदा घेतली तेव्हा त्यांनी ते म्हटलं. सगळे हसले. जावईसुद्धा हसले तुझे. मी काही बोलले तर म्हणतात, अगं, तुझ्या आईचंच आहे, तुला कशाला राग?"

"मग तू?"

"मी काय? हात धुऊन उठले. आता एकदाच घेते वाढून."

कडकबाईंनी फोन ठेवला आणि मुलाला सांगितलं, "बंद कर ते."

मुलगा कळवळून बोलला. त्यालाही बहिणीचं वाईट वाटत होतं. पण बंद करून खायचं काय? तो म्हणाला, "ते वाक्य काढून टाकतो. बाकीचं चालू ठेवू."

"लोकांच्या तोंडातून कसं काढशील? तिच्या सासूच्या तोंडातून?"

आठवडाभर डब्यांची उतरंड तशीच राहिली. कडकबाई विहीणबाईंना फोन करायला बसल्या आणि नंबर न लावताच उठल्या. काय सांगणार? मी लोकांना करमणूक म्हणून विकलं ते तुम्ही घरात वापरू नका? शेवटी त्यांनी सुनेला विचारलं, "त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं गं?"

"कधी?"

"भात घेतला तेव्हा. टोमणे पाठ आहेत मला, उत्तर एकही नाही. तेव्हा दिलंच नाही, तर येणार कुठून?"

सून दुकानातून दमून आली होती. ताटात भाजी वाढून घेत ती सहज म्हणाली, "त्यात काय? भूक माहेरची नाही, सासूबाई. इथे काम करते, त्याने लागते."

कडकबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "एवढंच म्हणायचं होतं?"

"मग अजून काय?"

"एवढंच." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "आणि मी इतकी वर्षं अर्धपोटी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उतरंड पुन्हा रचायला लावली. तोच टोमणा, तीच गोड सासू, पण शेवटी सुनेने शांतपणे ते उत्तर दिलं आणि ताटात पुन्हा वाढून घेतलं. मुलाला पटलं नव्हतं. "आई, लोक टोमणे ऐकायला येतात. उत्तरं ऐकायला कोण येणार?"

"माझी लेक बघते ना?"

"एकटी ती."

"मग तिच्यासाठी."

मुलाचं म्हणणं खरं ठरलं. बघणारे घटले. खाली लोक लिहू लागले, "सून फार बोलते", "कडकबाईंची धार गेली". जाहिरातींचे पैसे निम्म्यावर आले, मग त्याच्याही खाली. मुलाने पार्सलच्या गोदामात काम धरलं. खोकी चढवून उतरवून तो घरी यायचा तेव्हा त्याच्याने चमचाही उचलवायचा नाही. आईवर तो रागावला नाही, पण पूर्वीसारखं "आई, परत म्हण" असंही म्हणाला नाही. मोबाईल आता सूनच टेकवायची. जुना एकेक टोमणा घ्यायचा आणि दोघींनी मिळून त्याचं उत्तर शोधायचं. काही टोमण्यांना उत्तर सापडायचंच नाही. मग त्या आठवड्यात व्हिडिओ नाही.

बऱ्याच दिवसांनी लेकीचा फोन आला. सून शेजारी होती म्हणून कडकबाईंनी आवाज मोठा केला.

"आई, सासूबाईंनी तुझं चॅनल बघणं सोडलं."

"का गं?"

"म्हणतात, तुझ्या आईची सून फार उद्धट झालीय. हल्ली काही मजा नाही राहिली."

सून खुदकन हसली. कडकबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तुला? बोलतात अजून?"

"बोलतात. काल पण बोलल्या. तेच, भुकेचं."

"मग म्हटलंस का तू ते?"

"मोठ्याने नाही," लेक म्हणाली. "मनात म्हटलं. पण भाजी घेतली वाढून."

"बरीचशी घेतलीस ना?"

"दोन पळ्या."

"बरं," कडकबाई म्हणाल्या. मग बाळाचं, तब्येतीचं, डॉक्टरांच्या तारखेचं बोलणं झालं. त्यांनी फोन ठेवला. सुनेने विचारलं, "आज करायचा का व्हिडिओ?"

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज दमले."